ड्रेनेजच्या वाटेतली बाई

तीर्थस्वरूप दाजींना,

रस्त्याखाली पुरुषभर खोल उभा राहून शिरसाष्टांग नमस्कार. (इतक्या खालून वंदन करण्याचे भाग्य आपल्या अन्य मेहुण्यांना लाभलेले नाही.) आपला गुडघा व ताईचा रक्तदाब मर्यादेत असावेत. माझी प्रकृती चिखलसदृश आहे.

मी काय करतो, असे कोणी विचारल्यास आपण "खड्डे बघतो" म्हणून सांगता. त्यात दुर्दैवाने खोट काढता येत नाही. या प्राचीन नगरात ड्रेनेजची वाहिनी टाकली जात असून, उकरलेल्या मातीत गतकाळाचा अवशेष दिसताच हात वर करून यंत्र थांबवणे, एवढेच माझे अवतारकार्य. परंतु घाम पुसणे, माशी वारणे, परिचितास प्रतिनमस्कार करणे अशा क्षुद्र कारणांस्तवही माझा हात वर जाई आणि यंत्र थबके. अखेर ऑपरेटर वैतागला. "साहेब, यापुढं दोन्ही हात वर केलेत तरच थांबणार." मंगळवारी मातीतून कवटीची गोलाई डोकावली, तेव्हा माझ्या एका हातात मोजकाठी आणि दुसऱ्यात चहा होता. (दोन्ही टाकता आले असते, पण बुद्धी अशा वेळी इतिहासजमा होते.) मी उडी मारली. यंत्र थांबले, मी मात्र घसरत जाऊन कित्येक शतके कुशीवर निजलेल्या एका बाईशेजारी बसलो. चहा तिच्यावर सांडला नाही, हेच त्या दिवसाचे यश.

तेव्हापासून काम बंद, रस्ता उकरलेला आणि गल्ली रुष्ट आहे. "मेलेलीची एवढी काळजी, मग आम्ही जिवंत माणसांनी जायचं कुठं?" असे समोरच्या शिलाईवाल्या काकू रोज विचारतात. अस्थी मी स्वच्छ करून पेटीबद्ध केल्या. पण कार्यालयाचे भांडार गळके, शिवाय भरलेले. सबब वरिष्ठांची आज्ञा अशी की, सोमवारपर्यंत कोरडे छप्पर न मिळाल्यास बाईंना होत्या तिथेच पुरावे. ठेकेदार समजूत घालतो, "पाइप वरून जाईल, साहेब. तिला काय वास येणार आहे?" दाजी, एरवी मी हसलो असतो. मेल्यावर माणसाला कोणी विचारत नाही, हे ठाऊक होते. पण एकदा विचारपूस करून पुन्हा गटाराखाली लोटणे मला जमेनासे झाले आहे.

असो. वडीलधाऱ्यांच्या चिंता वाढवू नयेत, म्हणून लेखणी आवरतो.

आपला खड्डेनिवासी मेहुणा

ता. क. : चिरंजीव परगावी गेल्यापासून आपली मागची खोली रिकामी आहे, असे सहज आठवले.

ता. क. २ : ताईला विचारले आहे. "माझी ना नाही, पण ह्यांना तूच सांग, आणि पत्रानं सांग," असे ती म्हणाली. रविवारी टेम्पो घेऊन येतो.

ता. क. ३ : पेट्या दोन आहेत. दुसरी हातभरच लांब. ती माळ्यावर मावेल असे आपणास वाटेल. कृपया वेगळी ठेवू नये. तीतल्या अस्थी मी बाईंच्या कुशीतून काढल्या आहेत.