चौथ्या गटाचे उंदीर

प्रिय आई,

इबादानमध्ये ऊन रणरणतंय. मी बरी आहे, वेळेवर जेवते. शेजारच्या बोसेडेने कळवलं की तू परसातला कडू पाला मुळासकट उपटून टाकलास. तो परत लाव. का, ते क्रमाने सांगते. मला दुसऱ्या पद्धतीने सांगता येत नाही.

प्रयोगशाळेत माझ्या प्रयोगाच्या उंदरांचे चार गट होते. पहिल्याला नुसतं पाणी. दुसऱ्याला यकृत बिघडवणारं औषध. तिसऱ्याला तेच औषध आणि सोबत तुझ्या पाल्याचा काढा. चौथ्याला फक्त काढा. तिसरा गट सावरला. पण चौथ्याच्या रक्ताचे आकडे इतके चढले, की पाल्यानेच यकृत बिघडवलं असं वाटावं. मी वही मिटली आणि तुला फोन केला.

पुढच्याच आठवड्यात त्या उंदरांच्या यकृताच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला ओलायिंका मॅडमकडे गेल्या. कुठला गट कुठला, हे त्यांना सांगायचं नसतं. चौथी पेटी बघून त्या हसल्या, "अगं, हे तर माझ्यापेक्षा धडधाकट! काय चारतेस यांना? मलाही दे." मी वही उघडली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : चौथा गट, रक्ताच्या शेवटच्या सहा नळ्या, वरच्या द्रवाचा रंग गुलाबी. प्राणिघरातले लासिसी काका म्हणाले, "विसरलीस का पोरी? वीज गेली होती. जनरेटरसाठी डिझेल आणायला तूच मला पिटाळलंस. दोन तास नळ्या उकडत पडल्या होत्या." अशा उकाड्यात रक्तपेशी फुटतात, वरचा द्रव गुलाबी होतो आणि आकडे खोटेच चढतात. हे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ठाऊक असतं. मी रंग पाहिला, लिहिला, तरी तपासणी केली. खरं सांगायचं तर मला त्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा होता. कुणावर तरी राग काढायचा होता.

नवे सहा उंदीर घेतले. महिनाभर काढा दिला, रक्त काढल्याबरोबर यंत्रात फिरवलं. काल आकडे आले. पाणी पिणाऱ्यांइतकेच. मी जिन्यात बसून रडले. लासिसी काकांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

आई, बाबांना शेवटचे तीन महिने तू रोज दोनदा हाच काढा दिलास. फोनवर मी म्हणाले होते, "त्यांना तूच मारलंस." त्यानंतर तू पाला उपटलास. उंदीर म्हणजे बाबा नव्हेत, हे मला कळतं. त्यांचं यकृत काढ्याआधीच गेलं होतं, हेही डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. तुझ्याविरुद्ध माझ्याकडे एकही खरा आकडा नव्हता. आरोप मी फोनवर, एका दमात केला. माफी मात्र लिहून मागते आहे, म्हणजे ती मला कधी नाकारता येणार नाही.

तुझीच,
मोरेनिके