लिलावाचा चहा आणि राहिलेली तूट

शनिवार, १६ नोव्हेंबर.
सकाळी ढगाळ, नंतर ऊन. बँकेत गेलो, दुपारी परत आलो. जेवलो. दोन शर्ट धुऊन वाळत घातले. मग हे पत्र लिहायला बसलो.

तीर्थरूप दादांना,

नमस्कार. गुडघ्याचं दुखणं आता कसं आहे? वहिनींचा नवा चष्मा त्यांना बसला का, की अजून नाकावरून घसरतो? माझी तब्येत चांगली आहे. खोलीही चांगली आहे. खाली शिंपीणबाईंचं दुकान असल्यामुळे दिवसभर शिलाई मशीनचा आवाज येतो आणि घरात कोणीतरी आहे असं वाटतं. कशाचीही गरज नाही. पत्र सहज लिहितो आहे.

फोन करता आला असता, पण पैशाचा विषय निघाला की तुम्ही फोन ठेवता आणि मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो. (ही मला म्हणायची, तुमचं वाक्य संपेपर्यंत दूध उतू जातं.) उद्या वहिनी इकडे यायच्या आहेत, त्यांच्या हाती पत्र देईन. त्यांनीच मला सांगितलं की तुमच्या बाइंडिंगच्या कारखान्यातलं कटिंग मशीन बघायला बुधवारी गिऱ्हाईक येणार आहे, आणि ते विकून तुम्ही माझं बँकेचं देणं फेडणार आहात. त्याबद्दल मी या पत्रात काही बोलणार नाही असं ठरवलं आहे. तुम्ही कर्जाला जामीन राहिलात, ते हिच्या आजारपणात, हिच्यासाठी. तो विषय आपल्या दोघांनाही जड जातो. तेव्हा नुसती हकीकत कळवतो.

हिच्या मागे माझ्या एकट्याच्या पेन्शनमध्ये हप्ते बसेनात, हे तुम्हाला माहीत आहे. बँकेने घर ताब्यात घेतलं तेव्हा, खरं सांगतो, मला थोडं हलकंच वाटलं. माझी समजूत अशी की कर्ज घरावर होतं, घर त्यांनी घेतलं, मिटलं. पुस्तक वाचनालयाला परत केल्यासारखं. बँकेने दाराला मोठं कुलूप लावलं आणि बाहेर एक दारवान बसवला. मी रोज संध्याकाळी फिरायला त्याच बाजूने जायचो. दारवान भला माणूस होता, पण पाठ दुखायची त्याची, म्हणून मी त्याला आपली जुनी उशी नेऊन दिली. नंतर हिशेबाचा कागद आला तेव्हा कळलं की कुलूप माझ्या खात्यावर, दारवानही माझ्या खात्यावर. म्हणजे दादा, आपल्या घराण्यात पहिल्यांदाच दाराशी माणूस ठेवला गेला, आणि तो मलाच आत सोडत नव्हता.

आता चहाचं सांगतो, कारण तुमच्यापर्यंत ते तिखटमीठ लावून पोचलं असणार. लिलावाच्या आदल्या दिवशी बोली लावणाऱ्यांना घर दाखवायचं होतं. बँकेच्या वसुलीच्या बाईंना दार उघडेना. तुम्हाला आठवत असेल, आपलं दार खांद्याने थोडं उचलून मग ढकलावं लागतं. त्यांनी मला फोन केला, काका, जरा येता का. मी गेलो, दार उचललं. आत तीन गृहस्थ आले. एक दातांचे डॉक्टर, एक निवृत्त हेडक्लार्क आणि एक लाकडाचे व्यापारी. घरात बसायला काही नाही, तिघे भिंतीला टेकून उभे. आता आपल्या घरात कोणी असं कोरडं उभं राहिलेलं हिला कधी खपलं आहे का? माझे पाय आपोआप शेजारच्या काकूंकडे वळले. त्यांच्याकडून किटली आणि कप आणले.

तोपर्यंत ते मला बँकेचा शिपाई समजत होते. डॉक्टरांनी तर अर्धा कप पिता पिता मला विचारलं, काय हो, इथे ओल येते का? मी म्हटलं, मागच्या खोलीत उत्तरेच्या भिंतीला येते, पण पलंग अलीकडे ओढला की त्रास होत नाही, आम्ही तसाच ठेवायचो. त्यावर हेडक्लार्क म्हणाले, "आम्ही म्हणजे?" मी म्हटलं, मी आणि आमची ही. "म्हणजे घर तुमचं?" "होतं." डॉक्टरांनी कप खिडकीत ठेवला, मग अर्धा टाकणं बरं दिसत नाही म्हणून परत उचलला.  मग मी त्यांना ही कुठल्या खिडकीत बसून निवडणं-टिपणं करायची ते दाखवलं. हेडक्लार्क जाताना माझा हात धरून म्हणाले, येतो. पाहुण्यासारखे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आणि हेडक्लार्क, दोघांनीही बोली लावली नाही. ज्यांच्या घरचा चहा प्यायलो त्यांच्याच घरावर बोली कशी लावायची, असं हेडक्लार्कांनी बँकेला फोनवर सांगितलं म्हणे. राहिले लाकूडवाले. त्यांना पित्ताचा त्रास, चहा वर्ज्य, त्यामुळे त्यांचं मन मोकळं होतं. समोर कोणीच नसल्याने सगळ्यात कमी भावात घर त्यांना मिळालं. कर्जात आणि आलेल्या पैशात जी तूट राहिली ती आता आपल्यामागे लागली आहे.

मी वसुलीच्या बाईंकडे विचारायला गेलो. त्या म्हणाल्या, "काका, घर गेलं म्हणजे कर्ज गेलं असं नसतं." मी विचारलं, मग काय जातं? "घर जातं."  मग त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "तो चहा नसता दिलात ना, तर निम्मी तूट राहिली नसती." वाईट नाहीत हो त्या. कायम सर्दी, टेबलावर फायलींपेक्षा रुमाल जास्त. तुम्ही मागे जाऊन त्यांच्या टेबलावर मूठ आपटून आलात, बहिणीचं घर विकलंत, आता मला विका, म्हणालात, ते त्यांनी मनावर घेतलेलं नाही. तुमच्या नावापुढे जामीनदार, आवाज मोठा, माणूस सरळ, असं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय. मी वाचलं.

आज त्यांच्याकडे तडजोडीचा अर्ज देऊन आलो. व्याज आणि दारवानाचा खर्च सोडायला बँक तयार आहे. उरलेली रक्कम मी लहान हप्त्यांनी फेडायची, आणि हप्ते चालू आहेत तोवर जामीनदाराला हात लावायचा नाही. तेव्हा एकूण सगळं मार्गी लागत आहे. काळजी नसावी. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
मेहुणा

ता. क. – बोलणार नाही म्हटलं होतं, पण मशीन विकू नका. बुधवारच्या गिऱ्हाईकाला काहीही सांगा. पातं बोथट झालंय सांगा. तुम्हाला खोटं बोलवत नाही हे मला ठाऊक आहे, तर मग आधी पातं खरंच बोथट करा.

पुन्हा ता. क. – एक अडचण आहे. अर्ज मंजूर व्हायला पेन्शनशिवाय आणखी थोडी मिळकत दाखवावी लागते. बाईंनी विचारलं, काका, काही काम करता का? माझ्या तोंडून निघून गेलं की मेहुण्यांच्या कारखान्यात बाइंडिंग करतो, अर्धा दिवस. काय काय करता, विचारलं. तुमच्या कारखान्यातल्या खुर्चीवर बसून इतकी वर्षं जे पाहिलं तेच सांगितलं. पुठ्ठा कापायचा, शिवण घालायची, खळ लावायची आणि खळ पातळ झाली की सगळ्यांवर ओरडायचं. त्यांना ते पटलं. सोमवारी मी सही करायला गेलो की त्या माझ्यासमोरच तुम्हाला फोन करून खात्री करणार आहेत. तुम्ही नाही म्हणालात तर अर्ज गेला, आणि मग बँकवाले तुमच्याच दारात येतील.

म्हणून विनंती अशी की पत्र मिळताच मला कामावर ठेवा. म्हणजे सोमवारी तुम्हाला खरंच बोलता येईल. पगार जमेल तो द्या, तो तसाच बँकेत जाईल. मला शिवण येत नाही, पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत उभी हयात काचेची भांडी सांभाळली, तेव्हा हात थरथरत नाही. चुकलो तर ओरडा. संकोच करू नका. हिला जाऊन दीड वर्ष झालं, त्यानंतर माझ्यावर कोणी ओरडलेलं नाही, आणि खोलीत फारच शांत असतं.

उत्तर वहिनींबरोबर नको, फोनच करा. होय किंवा नाही एवढंच म्हणा आणि ठेवा. सोमवारच्या सहीसाठी पांढरा शर्ट धुतला आहे, पण त्याच्या बाहीचं बटण गेलंय. खालून सुईदोरा मागून आणला आहे. उजेड आहे तोवर ते लावून घेतो.