लूपर आणि नवे बूट

३ मार्च
कोपऱ्यावरच्या कॅफेत दर शनिवारी एक गिटारवाला कायमचा ठेवणार आहेत. मालक पंधरा तारखेला दोघांना ऐकून ठरवणार. एक मी. दुसरा तो दाढीवाला. पोपडे उडालेली एकच गिटार, एकच वायर. कीव येते.

५ मार्च
लूपर आणला. पायाने दाबला की रेकॉर्ड, पुन्हा दाबला की तेच फिरून फिरून वाजतं. माणूस एक, आवाज चौघांचा. माइकसुद्धा यातूनच नेणार. दाढीवाल्याच्या सात पिढ्यांना सुचलं नसतं.

८ मार्च, सकाळ
लूपर धरून पाच पेडल्स हॉलभर मांडली. बायको अडखळली. म्हणे, अहो, वाजवायला निघालात की बिऱ्हाड हलवायला? तिचा मिक्सरच्या घरघरीवर पोसलेला कान.

११ मार्च
नवे बूट. जाडजूड तळवे. स्टेजवर माणूस उंच दिसला पाहिजे. बायको म्हणे, घरात रोज अनवाणी दाबता, एकदा बूट घालून दाबून बघा की. म्हटलं, आत पाय माझाच असणार ना!

१३ मार्च
गाणी बसवायची राहिली. आज पेडल्स पुसली. उरलेलं लूपर सांभाळून घेईल.

१५ मार्च, संध्याकाळ
निघतोय. स्कूटरवर सामान मावेना, मेहुण्याची गाडी मागवली. बायकोही येतेय. दाढीवाल्याची आज शोभा.

१६ मार्च
दोष बूट बनवणाऱ्याचा.
मांडामांडीला जरा वेळ लागला. एक टोणगा ओरडला, काका, लाइट कधी येणार? मी माइकखाली वाकून वायर खोचत होतो. पुटपुटलो, खा, ढोरांनो, खा, तुमचा मालकही बोकडच. बूट लूपरवर होता. तळव्यातून कळलंच नाही. पाय उचलून टेकवला, आणि कॅफेभर: खा, ढोरांनो, खा, तुमचा मालकही बोकडच. पुन्हा. पुन्हा. बंद करायला गेलो तर एका बुटाखाली दोन पेडल्स. वर इको सुरू.
शेवटी बायकोने प्लग उपटला.
शनिवार दाढीवाल्याला. मालक दारापर्यंत सोडायला आला. म्हणाला, यापुढे कॉफीसुद्धा दुसरीकडेच प्या.
आवाज मात्र स्वच्छ होता. शब्द न् शब्द कळत होता. असलं मशीन त्या दाढीवाल्याकडे नाही.
गाडीत मेहुण्याने विचारलं, दाजी, वाजवलंत काय?
घरी येऊन केस उघडली. गिटार बाहेर काढायचीच राहिली होती.