साचाखात्यातली भाषा

बाबा,

ऑफिसने आज आम्हाला एका शिबिराला पाठवलं. मन, शरीर, आत्मा, सगळ्याचा एकत्र विकास. कुठे, तर परळला, तुमच्या मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. जिथे तुमचे साचे कापड विणायचे तिथे गाद्या अंथरलेल्या, आणि एक गुळगुळीत आवाजाची बाई सांगत होती की दुःख आपणच धरून बसतो. मला शिसारी आली. मग तिने कागद वाटले. ज्यांच्याशी बोलायचं राहून गेलं त्यांना लिहा, टोपलीत टाका, मोकळे व्हा! मी कोराच टाकला. हे घरी येऊन लिहितेय.

मिलचा संप लांबला तसे तुम्ही घरात गप्प झालात. नुसते ओठ हलवायचात. आईला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. पण मिलमध्ये साच्यांच्या खडखडाटात तुम्ही सगळे कामगार आवाजाशिवायच बोलायचात, आणि ते वाचायला तुम्ही मला चाळीच्या गॅलरीत शिकवलं होतं, खेळ म्हणून. आई तुम्हाला दादरच्या एका महाराजांकडे घेऊन गेली. अत्तरात बुडालेला तो माणूस म्हणाला, "संप मिलमध्ये नाही, तुमच्या मनात आहे. राग सोडा." घरात डाळ नव्हती, आणि हा राग सोडायला सांगत होता. त्याने तुम्हाला पुढ्यात बसवलं. तुमचे ओठ हलायला लागले तशा तिथे जमलेल्या बायका, अंगात आलं समजून, तुमच्या पाया पडू लागल्या. आईने माझं कोपर धरलं, "काय म्हणतत गो ते?"

तुम्ही माझ्याकडे बघून म्हणत होतात, "माका घराक व्हर." घरी ने, एवढंच.

आईचा चेहरा कित्येक महिन्यांनी निवळला होता. मी म्हटलं, "देवाचं नाव घेतायत."

मग दर रविवारी तुम्हाला तिथे नेऊन बसवलं. चार-पाच रविवार तुम्ही तेच म्हणालात. पुढे ओठही थांबले, ते शेवटपर्यंत. मन शांत झालं, असं महाराज म्हणाले. त्या माणसाची मला आजही किळस येते. पण त्याला ओठ वाचता येत नव्हते, बाबा. मला येत होते.

आज शेवटी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. मीही मिटले आणि तुमच्याच भाषेत, आवाज न करता म्हटलं, "चला बाबा, घराक जावया." खांद्यावर हात पडला. ती बाई हसत होती. "किती छान! काय म्हणत होतात?"

मी म्हटलं, "देवाचं नाव घेत होते."