सिनेमाखालची पट्टी

आई, आपली केबल उद्या बंद होतेय. सकाळी माणसं येऊन मशीन घेऊन जातील. कामशेतात आता घरोघरी नेटची वायर आलीय. ज्याला जे हवं ते तो मोबाईलवर बघतो, आणि म्हाताऱ्यांनाही पोरं तेच टीव्हीवर लावून देतात. लोक सेट-टॉप बॉक्स पिशवीत घालून परत आणून देतात आणि मी ते तुझ्या फडताळात रचते.

तुझं स्वयंपाकघर आठवतं. ओट्याच्या टोकाला आपल्या चॅनेलचा कॉम्प्युटर, आणि कणकेचे हात पुसून तू सिनेमाखालची पट्टी टाईप करायचीस: गावात कोण गेलं, अंत्यविधी किती वाजता. मयताच्या घरचं माणूस आलं की आधी त्याला पाणी द्यायचीस, मग गेलेल्याचं नाव विचारायचीस. एकदा रविवारचा सिनेमा ऐन रंगात आलेला आणि आबा म्हणाले, संपू दे, मग पट्टी लावू. केवढी कडाडलीस स्वतःच्या नवऱ्यावर! "शिनेमा सरायची वाट बघत मानूस थांबतंय व्हय?" पट्टी लागली की थोड्याच वेळात बाजारपेठेतली माणसं इंद्रायणीकाठच्या स्मशानाकडे निघायची. तू गेलीस तेव्हा तुझी पट्टी मीच लावली, रडत रडत. लोक भाताची गिरणी बंद ठेवून आले होते.

आबा आता खाटेवरून उठत नाहीत. दिवसभर आपलंच चॅनेल बघत पडून असतात. काल सकाळी त्यांनी विचारलं, "मशीन नेल्याव माजी पट्टी कोन लावनार गं?" मग म्हणाले, "आत्ताच लावून दाव की. डोळ्यानं बघतो तरी." मी चिडले, भांडले, शेवटी लावली. नाव, गाव, 'यांचे दुःखद निधन'. अंत्यविधीची वेळ तेवढी रिकामी. आबांनी दोनदा वाचली. "झ्याक हाय," म्हणाले, "आता काढ." आणि कूस वळवून झोपले.

मी त्यांच्या टीव्हीला दुसरं चॅनेल लावलं. म्हटलं, आता फोन खणखणेल, शेजारीपाजारी धावत येतील, जिवंत माणसाची पट्टी लावतेस म्हणून माझी चांगली खरडपट्टी काढतील. काल कुणी आलं नाही, फोनही वाजला नाही. आज संध्याकाळ व्हायला आली. मला फार भीती वाटतेय, आई. आबांना सांगितलंय, काढली. पण काढलेली नाही. फोन मांडीवर घेऊन बसलेय. कुणीतरी शिव्या घालायला तरी फोन करू दे.