बिननावाची स्टेशनं आणि तुझा भाऊ

लिंकनशायर, ऑगस्ट १९४०
(गावाचं नाव लिहायची परवानगी नाही. हल्ली ते कुठेच लिहिलेलं नसतं, आणि माझं सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं.)

तीर्थरूप विनिफ्रेडताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, अँब्रोजचा, टाचा जुळवून नमस्कार. गुडघा कसा आहे? मधमाश्या तुला चावल्या की तू त्यांच्यावर धावून गेलीस, हे तुझ्या पत्रातून नीट कळलं नाही. दोन्ही शक्य आहे. आलुबुखाराचा मुरंबा पोहोचला. बरणी पलंगाखाली ठेवली आहे, कारण मेसमध्ये साखरेचा वास सुटला की हवाई दलाची शिस्त उरत नाही. मी खुशाल आहे. तुझ्या ह्यूचं पुढे लिहितो.

तू लिहितेस की मी एवढी वर्षं हवाई दलात काढली, माझ्या ओळखी असतील, तर तुझ्या मुलाला लंडनमध्ये एखाद्या खुर्चीत बसवून दे. ताई, जरा माझी अवस्था ऐक. मी निवृत्त झालो तो विंग कमांडर म्हणून. लढाई सुरू झाल्यावर मला परत घ्या असे अर्जांवर अर्ज केले, तेव्हा मोठ्या मेहेरबानीने त्यांनी घेतलं ते अगदी तळाच्या पायरीवर, पायलट ऑफिसर म्हणून. (त्यात 'पायलट' आहे म्हणून हुरळून जाऊ नकोस. माझ्या ताब्यात मेस, ब्लँकेटं आणि मेसच्या उष्ट्यावर पोसलेली डुकरं आहेत. डुकरं उत्तम आहेत.) आणि इथला विंग कमांडर कोण, तर तुझा ह्यू. ज्याचं नाक मी पुसलं त्याला मी रोज सकाळी सलाम ठोकतो. चारचौघांत मी त्याला 'साहेब' म्हणतो, तो मला 'टिलयार्ड'. दार लागलं की तो 'मामा' म्हणतो आणि मी त्याला ओले मोजे बदलायला लावतो. अशा माणसाची ओळख लंडनमध्ये काय चालणार? शिवाय खुर्चीचं नाव काढलं तर ह्यू मला डुकरांवरूनही काढेल.

पण तुझी काळजी खोटी नाही, हे मी लपवणार नाही. तो आपली बॉम्बर घेऊन रात्री जर्मनीवर जातो आणि उजाडता परत येतो. मग बाकीच्यांना झोपायला पाठवतो आणि स्वतः कागद उपसत बसतो. त्यातून कुठला सुटा भाग हवा असला, कुणाला कुठे सोडायचं असलं, की आमच्याकडचं दुहेरी पंखांचं, दोन जागांचं चिमुकलं विमान घेऊन हाच निघतो. पोरांना उठवत नाही. परवा तो दाढी करताना उभ्या उभ्या झोपला. मला ते बघवलं नाही. मी म्हटलं, "दिवसाची ही फुटकळ कामं मला दे, तेवढी तू झोप काढ." तर म्हणतो कसा, "मामा, तुम्ही हरवाल. मग तुम्हाला शोधायला मलाच यावं लागेल."

हे मला लागलं. सतरा साली फ्रान्सवर मी उडत होतो तेव्हा हा दुपट्यात होता! मेसोपोटेमियात टपालाच्या विमानांसाठी वाळवंटात नांगराने रेघ ओढली होती, शेकडो मैल. त्या रेघेवरून मी कधी ढळलो नाही. (एकदा उलट्या दिशेने गेलो, पण रेघेवरूनच.) तेव्हाचे आमचे साहेब, एअर कमोडोर स्टोबार्ट, यांनी एवढ्यावरून माझ्या शेऱ्यात लिहिलं, 'छातीने वाघ, दिशेने आंधळा.' मग मला गणवेश उतरवून साध्या हॅटमध्ये लंडनच्या कचेरीत बसवलं आणि पुढे घरीच बसवलं. स्वतःही दोन वर्षांत घरी बसले. शांततेच्या काळात हवाई दलाला माणसं जड होतात, ताई, आणि लढाई आली की शोधत फिरतात.

तर मंगळवारी एका इंजिनाचा भाग दुसऱ्या तळावरून आणायचा होता. मी ह्यूच्या खोलीत गेलो, सलाम केला, विचारलं, "साहेब, मी जाऊ का?" त्याची मान खाली गेली. आता वरिष्ठाने मान हलवली, तर ती झोपेने हलली की होकाराने, याची चौकशी कनिष्ठाने करायची नसते. मी माझा फ्रान्समधला कातडी कोट चढवला आणि निघालो.

माझी रीत जुनी आणि नामी आहे. रूळ धरायचे, स्टेशन आलं की विमान खाली आणून फलाटावरची पाटी वाचायची, पुन्हा वर जायचं. पहिलं स्टेशन आलं, खाली गेलो, पाटी कोरी. दुसरं आलं, तेही कोरं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की शत्रू उतरला तर त्याला वाट कळू नये म्हणून सरकारने साऱ्या देशातल्या पाट्या पुसायला लावल्या आहेत. तुला वाटेल, हे अँब्रोजला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं की! आमच्या स्टेशनची पाटी जूनमध्ये मीच काळी केली, बादली आणि ब्रश घेऊन, आणि ती इतक्या सफाईने केली की माझं कौतुक झालं.

शेवटी एका स्टेशनामागच्या कुरणात उतरलो. (गाई बाजूला झाल्या. एक झाली नाही, मी झालो.) कुंपणावरून स्टेशनमास्तरला विचारलं, "हे कुठलं स्टेशन?"

"तुम्हाला कशाला हवंय?"

"अहो, मी हरवलोय."

"हरवलेल्यांसाठीच तर नावं पुसलीत," तो म्हणाला, आणि शिटी फुंकली.

होमगार्ड धावत आले. पुढे सार्जंट, म्हणजे गावचा खाटीक पिंचबेक, आणि मागे धापा टाकत बंदूक धरलेला एक पांढऱ्या मिशांचा साधा शिपाई. माझं ओळखपत्र दुसऱ्या कोटात राहिलं होतं. पिंचबेकने माझा कोट चाचपला आणि म्हणाला, "असला कोट आपल्याकडं कोण घालतंय? जर्मनच हाय ह्यो." तेवढ्यात तो शिपाई खाकरला.

"सार्जंट, हा जर्मन नाही. जर्मन माणसाला आपण कुठे आहोत हे माहीत असतं. हा टिलयार्ड आहे."

ताई, ते स्टोबार्ट होते! ज्यांच्या आवाजाने अख्खं बसरा उठून उभं राहायचं!

"स्टोबार्ट, तुला कुणी इचारलं?" पिंचबेक ओरडला. "बंदूक सरळ धर."

"चुकलं, सार्जंट," एअर कमोडोर म्हणाले आणि बंदूक सरळ केली.

फोन गेला. ह्यू लॉरी घेऊन आला. लॉरी पुढे भाग आणायला पाठवली आणि मला म्हणाला, "मागे बसा. कशाला हात लावू नका." विमानाचा पुढचा पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करायला पिंचबेकने स्टोबार्टना हुकूम दिला. ते माझ्याजवळ वाकून पुटपुटले, "रूळ उजव्या हाताला ठेव, गाढवा." मग अगदी हळू म्हणाले, "एकदा मलाही वर ने रे." मी बसल्या जागी सलाम केला. शिपायाला करू नये, पण केला.

आल्यावर हुकूम निघाला: टिलयार्ड यांनी लढाई संपेपर्यंत विमानाला शिवायचं नाही. ठीक आहे. मी शिवणार आहे. डुकरांना खायला घालून दुपारी मी रोज त्या विमानाजवळ उभा राहतो, आणि ह्यू कंटाळेपर्यंत उभा राहणार आहे. तो माझा भाचा असला तर मी त्याचा मामा आहे.

गुडघ्याला जप.

तुझा,
अँब्रोज

ता. क. खुर्चीचं विसर. पण ह्यूला एक ओळ लिही, की दिवसाची उड्डाणं मामाला दे. तो मला हुकूम करू शकतो, तुला नाही. तुला त्याला घरी आणता येणार नाही आणि मलाही नाही, पण रोजची दोन तासांची झोप मी त्याला मिळवून देऊ शकतो. माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच आहे.

ता. क. दुसरा. हे मात्र त्याला कळू देऊ नकोस. परतताना गावच्या चर्चचा मनोरा ओलांडला नाही तोच माझ्या पुढ्यातली, विमान हाकायची दांडी सैल पडली (या विमानात ती दोन्ही जागांवर असते). ह्यू झोपला होता, मान कडेवर टाकून, तोंड उघडं ठेवून, बाबागाडीत झोपायचा तसाच. मी दांडी धरली. थोड्याच वेळात आमचा तळ समोर दिसला, स्वच्छ. मी विमान वळवलं आणि बटाट्याच्या शेतांवर घिरट्या घालत राहिलो, पेट्रोल संपत येईपर्यंत. अर्ध्या तासाच्या वाटेला दोन तास लागले, म्हणून त्याला वाटतं मी पुन्हा हरवलो. वाटू दे. खरं कळलं तर तो माझ्यासमोर पुन्हा डोळे मिटणार नाही.

ता. क. तिसरा. दिवाणखान्याच्या खणात बाबांचं होकायंत्र आहे, ते तेवढं पाठव. घिरट्या पुऱ्या करून घरी वळलो, तेव्हा तळ कुठे गेला तेच कळेना. शेवटी त्याला उठवून विचारावं लागलं.