न लागलेला दिवा

४ ऑक्टोबर
सांगतेय मी, लिहितेय सून. मला अक्षर येत नाही, तिला गप्प बसता येत नाही — जोडी बरी जमली. आजची बातमी : खाणीत पगारवाढीचा करार येतोय. मुलगा तिथं सुरुंग लावतो, कायम नोकरीत आहे, त्याला भरघोस वाढ. सून त्याच खाणीच्या दिवाखोलीत. खाली जाणाऱ्यांच्या टोपीवरचे दिवे चार्ज करते, पाळीच्या वेळी हातात देते. पण ती ठेकेदाराची, म्हणून तिला काही नाही. पलीकडच्या खिडकीतला माणूस कायम. काम तेच, पगार तिप्पट.
पेन एवढं दाबू नकोस गं. कागदानं काय केलंय तुझं?

५ ऑक्टोबर
आमचे हे खाली जायचे तेव्हा मजुरी डब्यावर होती. डबाभर कोळसा, डब्याचे पैसे. वर आल्यावर त्यात दगड निघाला की डबा बाद. मग हजेरी आली, मग महिन्याचा पगार. पगार वाढत गेला आणि तो मिळणारी माणसं कमी होत गेली. यांच्या वेळी सगळे खाणीचे होते, आता निम्म्याहून जास्त ठेकेदाराचे. मी वर कोळशातले दगड निवडायचे. बाई म्हणून अर्धी मजुरी. दगड काही अर्ध्या वजनाचे यायचे नाहीत.

७ ऑक्टोबर
मुलाला विचारलं, करारावर मत काय देणार? ‘आई, सगळे हो म्हणतायत.’ सून म्हणाली, ‘मी कुठं काय म्हणतेय?’ खरंच, काही म्हणाली नाही. फक्त त्याच्यापुढं पातेलं असं ठेवलं, की शेजारीण विचारायला आली काय पडलं म्हणून.

९ ऑक्टोबर
आज करारावर मत झालं. रीत यांच्या वेळचीच. उजाडायच्या आत कायमचे कामगार आवारात जमतात. ज्याचं हो, तो टोपीवरचा दिवा लावतो; ज्याचं नाही, तो तसाच उभा राहतो. मग दिवे मोजायचे.
आमच्या चिरंजीवांचा दिवा लागला नाही. सगळे वळून बघायला लागले. युनियनचा पुढारी म्हणाला, ‘काय रे, तू विरोधात?’ हा घाबरला आणि म्हणाला, ‘नाही हो, दिवाच लागत नाही. चार्ज नसेल.’ मागून आणखी चार-पाच जण म्हणाले, ‘आमचाही.’ झालं. मोजणी रद्द, शनिवारी पुन्हा मत.
आणि बोट कुणाकडं? दिवाखोलीकडं. ठेकेदार म्हणाला, ‘उद्या त्या बाईला काढतो.’
सून घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसली. ‘आई, माझ्या हातचा दिवा आजवर विझलेला नाही.’ नवरा तिथंच उभा, कान खाजवत. लहानपणी साखर खाल्ली की असाच खाजवायचा.

१० ऑक्टोबर, सकाळी
लिही. थांबू नको, मी सांगते तसं लिही. काल तू पाण्याला गेलीस तेव्हा त्याला धरलं मी. दिवा चांगला होता. त्यानं बटणाला हातच लावला नाही. म्हणाला, ‘तिच्याच हातून घेतलेला दिवा तिच्याविरुद्ध कसा लावू?’ आणि सगळे बघायला लागल्यावर जीभ घसरली. भित्रा आहे, पण तुझा आहे.
रडायचं असेल तर वही बाजूला ठेव. अक्षरं पुसली तर मला कोण वाचून दाखवणार?

१० ऑक्टोबर, संध्याकाळी
पाळी सुटताना आमचा भित्रा ठेकेदारापुढं, सगळ्यांदेखत बोलला — ‘दिवा चांगला होता. मी लावला नाही. माझं मत विरोधातच होतं, तिला काही बोलायचं नाही.’ ठेकेदाराला तिला काढता येईना. मित्र मात्र वाटेत याच्याशी बोलले नाहीत; त्यांच्याही घरी कुणी ना कुणी ठेकेदाराकडं आहेच, मान खाली घालूनच चालले. घरी आला तर सुनेनं पातेलं इतकं अलगद ठेवलं, की मला वाटलं जेवायला कुणी पाहुणा आलाय.

१२ ऑक्टोबर, शनिवार
सून दिवाखोलीतून पळतच आली. मी विचारलं, किती दिवे लागले? ‘आई,’ म्हणाली, ‘आवारात इतका अंधार होता, की मला हे कुठं उभे आहेत तेच दिसेना.’